निळ्या कार्डावरचा बस्ता

...आन् वर मलाच म्हणत्यात, "सर, आपण अटी नीट वाचल्या नव्हत्या का?" आवो वाचल्या की! पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, राधानगरीच्या पावसात बुरशी आलेल्या फायली वाचल्या, आन् तुमचं चार पानांचं चोपडं वाचाय हुणार न्हाय व्हय मला? पण तुम्हाला सांगतो, जी गोष्ट त्यात लिवायला पायजे हुती तीच नेमकी लिवलेली नव्हती!

थांबा, असं मधनंच नको, पयल्यापासनं सांगतो. मी गणपती. व्हय, बौद्ध आन् नाव गणपती! हसा, सगळंच हसत्यात. आवो, मी जन्मलो त्रेपन्न साली आन् आमच्या वाड्यावस्तीनं धर्म घेतला छप्पन्न साली, तीन वर्षं घाई झाली माझी, त्याला मी काय करू? पुढं वडलांनी नाव बदलायचं काढलं, तर शाळेतलं मास्तर म्हणालं, "हजेरीत खाडाखोड चालायची न्हाय." वडील गप, मास्तर गप, मी आपला गप. तवापासनं गप बसायची सवयच लागली बघा. हापिसात सायब ओरडला, मी आपला गप. घरात सरू ओरडली... सरू म्हंजे आमची मंडळी... तर मी जास्तच गप.

तर झालं काय, गेल्या वर्षी, म्हंजे दोन हजार सात साली, आमच्या प्रीतीचं लगीन ठरलं. पोरगा कुरुंदवाडचा, हायस्कुलात मास्तर, माणसं देवासारखी. आता लगीन म्हटलं की बस्ता आला. आन् बस्ता म्हंजे काय नुस्तं दुकानात जाऊन कापड घिऊन येणं न्हवं! दोन्हीकडची माणसं मिळून जायाचं, चपला दारात काढायच्या, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, दुकानदारानं साड्यांचा ढीग पाडायचा, बायकांनी तो ढीग परत पाडायचा, मधी चा, मधी भजी, मधी एकदा रुसवा, आन् दिवस मावळताना गठूडं बांधायचं. आन् आमच्याकडं हे सगळं कुठं? तर चमनभाईच्यात! महाद्वार रोडच्या मागल्या बोळात, वीतभर दुकान, पण माणूस केवढा!

चमनभाईच्यात कापड मोजायची एक रीत हुती. गजानं मोजून झालं की वर हाताची चार बोटं ठेवायचा, आन् मग कात्री. दोन मीटर मागा, दोन मीटर आन् चार बोटं. मी इचारलं, "ह्ये वरचं कशाला?" तर म्हणायचा, "ह्ये लेकराचं." त्याच्या त्या चार-चार बोटांतनं, तुम्हाला खोटं वाटंल, सरूनं आमच्या प्रीतीला ब्याण्णव साली एक अख्खा फ्राक शिवलाता! बाही हिरवी, गळा जांभळा, घेर चौकटीचा. पोरगी त्यो घालून दुकानात नाचली आन् चमनभाई गादीवरनं म्हणाला, "गणपतराव, हिचा बस्ता आमच्यातच हां!" मी म्हटलं, "मग काय रंकाळ्यात घालतोय व्हय?" शब्द दिला की न्हाय? दिला. पंधरा वर्षं ध्यानात हुता की न्हाय? हुता!

आन् मग त्यो मॉल आला. नाव घेत न्हाय, नाव घेतलं की सरू म्हणती, "आता बदनामी नको." पाच मजली, काचंचा, आत गेलं की एप्रिलात थंडी. घराघरात एकच बोलणं, "कार्ड काढलंसा का?" साखर आणाय गेलं की कार्ड, चड्डी-बनेल घेतली की कार्ड. आन् कार्डं किती, तर तीन! चंदेरी, सोनेरी आन् निळं. आमची प्रीती बी.कॉम., पतसंस्थेत नोकरीला. तिनं फुटपट्टी घिऊन लग्नाच्या यादीच्या पाठीमागं रकानं आखलं. "पप्पा, बघा. चंदेरी फुकट मिळतं. शंभर रुपयांना एक पॉईंट. शंभर पॉईंट झाले की पन्नास रुपयांची सूट." म्हटलं, म्हंजे दहा हजाराचं कापड घेतलं की पन्नास रुपय? एवढं तर चमनभाई चाच्या वक्तालाच सोडतोय! "ऐका तर, पप्पा. सोनेरीला वर्षाची फी. पण दर बुधवारी दहा टक्के." म्हटलं, आन् गुरवारी? "गुरुवारी काही नाही." म्हंजे रजा बुधवारी टाकायची! "आणि निळं बँकेचं. पहिल्या तीन महिन्यांत लग्नाच्या कपड्यांवर सरळ पंधरा टक्के. पण पगाराची चिठ्ठी लागते, लाइटबिल लागतं, दोन फोटो लागतात."

चार रात्री पोरगी ह्येच करत हुती. सोनेरी निळ्याशी ताडून बघती, निळं चंदेरीशी ताडून बघती. मला ठावं हुतं की, का करत हुती! बापाच्या फंडातलं चार पैसं वाचावं म्हणून. मला म्हणायचं हुतं, "बाळा, चमनभाईला शब्द दिलाय." पण तिचं ते वाकलेलं डोस्कं बघितलं आन्... मी आपला गप.

शेवटी निकाल कुणी दिला? सरूनं! ती भाकरी थापत हुती, एकदा सुदिक त्या कागदाकडं बघितलं न्हाय. म्हणाली, "निळं हाय न्हवं? मग निळंच घ्या. निळं आपलं." झालं! आवो, झेंडा निळा, म्हणून बँकेचं कार्ड निळं घ्यायचं! जगात कुठं बघितलंसा ह्यो हिशेब? आन् तुम्हाला खरं सांगतो, मलाबी ते पटलं.

मग काय, पगाराची चिठ्ठी दिली, फोटो दिलं, पंधरा दिसांनी कार्ड आलं. आन् एका रविवारी दोन्हीकडची अकरा माणसं मॉलात! आवो, तिथं गादी न्हाय, बसाय जागा न्हाय, चपला काढाव्या का नको, विहीणबाईंनी काढल्या हुत्या त्या रखवालदारानं पळत आणून दिल्या. सरकत्या जिन्यावर सरू एक पाय ठेवून उभी, दुसरा पाय खाली, मागं सगळं वऱ्हाड तुंबलेलं. पण सूट म्हटल्यावर सगळ्यांनी सोसलं. मानपानाच्या साड्या झाल्या, जावयाचा सूट झाला, पोरांचे कपडे झाले. आन् मग मी म्हटलं, "चला, आता नवरीची साडी."

लग्न विभागात गेलो. चारी भिंती लाल! लाल, डाळिंबी, राणी, हिरवी, जरीनं डोळं दिपायला लागलं. तिथं एक पोरगी, गोड बोलणारी, पुण्याकडची असावी. "मॅम, काय दाखवू? ब्रायडलमध्ये सगळं नवीन आलंय." सरू म्हणाली, "पांढरी दाखवा." ती पोरगी हसली. "पांढरी खालच्या मजल्यावर, मॅम. आजींसाठी हवी आहे का?" सरू म्हणाली, "न्हाय, नवरीला." आन् त्या पोरीनं प्रीतीकडं बघितलं, वरनं खालपातुर. "नवरीला... पांढरी?"

बिचारीचा दोष न्हाय, तिला ठावंच नसंल. पण अख्खा मजला आमच्याकडं बघायला लागला की. एक माणूस आला गळ्यात पट्टा घालून, म्हणतोय, "सर, पांढरी तुम्ही घेऊ शकता. पण ती लग्नाच्या कपड्यांत धरत नाहीत, त्यामुळं कार्डची सूट बसणार नाही. सिस्टीम घेत नाही." आन् मग म्हणाला ते, मघाशी सांगितलं न्हाय का... "आपण अटी नीट वाचल्या नव्हत्या का?" मी प्रीतीकडं बघितलं. ल्हान असताना ही पोरगी आईची लग्नातली पांढरी साडी अंगाला गुंडाळून आरशापुढं हुबी ऱ्हायची, कुणी हसलं की रडायची. ती पोरगी मान खाली घालून म्हणाली, "पप्पा, राहू दे. मी गुलाबी घेते. गुलाबीवर पंधरा टक्के आहेत."

तिथं मात्र मी गप बसलो न्हाय. चोपन्न वर्षांचं सगळं एकदम भाईर आलं बघा! म्हटलं, "आवो सायब, आमच्यात नवरी पांढऱ्यातच हुबी ऱ्हाती! माझी बायको ऱ्हायली, माझ्या दोन भणी ऱ्हायल्या, आन् माझी लेक बी ऱ्हाणार! तुमच्या सिस्टीमला सांगा, कोल्हापुरात लग्नाचा रंग एकच न्हाय!" आवाज इतका चढला की जिन्यावरची माणसं थांबली, जिना आपला चालूच. प्रीतीनं माझा हात धरला, आन् आमी खाली उतरलो.

उतरताना मला काय आठवावं? साल ब्याऐंशी. माझं लगीन. मी आन् माझी आई, अंबूबाई, साडी घ्यायला कोल्हापुरात आलतो. पयल्या दुकानात आई म्हणाली, "पांढरी दाखवा." दुकानदारानं तोंड पाडून इचारलं, "कोण गेलं?" दुसऱ्या दुकानात तेच. आई तिसऱ्या दुकानाची पायरी चढंना. मीच तिला वडून चमनभाईच्यात नेली. तिथं ती म्हणाली, पण इतकं हळू, की मलाच ऐकू आलं न्हाय. आन् चमनभाई, तवा तिशीतला पोरगा, उठून उभा ऱ्हायला आन् म्हणाला, "वा वा! लगीन कधी हाय, मावशी?" आवो, आई रडली की हो दुकानात! पांढऱ्या साड्यांचं वेगळं कपाट हुतं त्याच्याकडं, निळ्या कागदात गुंडाळून, एकीवर डाग न्हाय. कुठं नोंद? कुठला रकाना? माणसाला ठावं हुतं, बास.

आन् त्याच माणसाकडं मी आता तोंड घिऊन जाणार कसा? हातात त्या मॉलच्या बारा पिशव्या, हरेक पिशवीवर हाताएवढ्या अक्षरांत नाव! सरू म्हणाली, "पिशव्या उलट्या करा." कुरुंदवाडच्या पावण्यांना एस्टीत बसवून दिलं, आन् रस्त्याकडंला बसून आमी दोघांनी बारा पिशव्या उलट्या केल्या, आतली बाजू भाईर. लोक बघत्यात, चोरीचा माल हाय का काय!

गेलो. चमनभाई थकला हुता, डोळ्याला जाड भिंगं, पोरगा अल्ताफ दुकान बघत हुता. गादी तीच, पण गिऱ्हाईक एक न्हाय. मला बघून म्हणाला, "या, पावणं! आन् पिशव्या उलट्या का धरल्यासा?" मेलो! सरू म्हणाली, "फॅशन हाय." चमनभाईनं "व्हय का" म्हटलं, आन् फुडं काय न्हाय. प्रीतीकडं बघून अल्ताफला म्हणाला, "वरचं कपाट उघड." निळा कागद सुटला आन् तुम्हाला सांगतो, दुकानात उजेड पडला! पांढरीशुभ्र, काठ करंगळीएवढा, निळा. प्रीतीनं अंगावर धरली. आरशापुढं हुबी ऱ्हायली. कुणी हसलं न्हाय. मग चमनभाईनं सोता झंपराचं कापड मोजलं, आन् मोजून झाल्यावर वर चार बोटं ठेवली. म्हटलं आता सांगूनच टाकावं. म्हटलं, "चमनभाई, माझी चूक झाली. बाकीचा बस्ता मॉलातनं केला. कार्ड काढलंय. तुम्हाला शब्द दिलावता."

चमनभाईनं चश्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, संपलं, पंचवीस वर्षांच्या वळखीचा माणूस गेला हातातनं. त्यानं अल्ताफला चा सांगाय भाईर धाडलं. मग माझ्याजवळ सरकला आन् अगदी हळू म्हणतोय, "गणपतराव, कंचं कार्ड? निळं?"

"व्हय."

"पंधरा टक्केवालं?"

"व्हय."

"मी बी गेलतो. मला देईनात. म्हणत्यात, पगाराची चिठ्ठी आणा. दुकानदाराला कुठली पगाराची चिठ्ठी?"

म्हटलं, "पण तुम्हाला कशाला पायजे त्यांचं कार्ड? हितं ढीग पडलाय की कापडाचा!"

तर खाली बघून गादीवरची सुरकुती सारखी करत म्हणाला, "फुडच्या म्हयन्यात अल्ताफचं लगीन हाय. हुणारी सून, सबिना... चांगली पोरगी हाय हां... पण ती म्हणती, शालू मॉलातलाच पायजे."

आता काय बोलता सांगा! ज्यानं निम्म्या कोल्हापूरच्या नवऱ्या नटवल्या, त्याच्या सुनंचा शालू, माझ्या कार्डावर! गेलो की मग. दोघं म्हातारं, सरकत्या जिन्यानं वर. चमनभाईनं शालू दोन बोटांत धरून चोळून बघितला आन् माझ्या कानात म्हणाला, "आमच्यात ह्याच्यापेक्षा बरा हाय." आन् लाल असल्यामुळं सिस्टीमनं घेतला, पंधरा टक्के सूट बसली!