सगुनाच्या पायाची चिंधी

माझं म्हायेर गोदेकाठचं, पुनतांब्याकडचं. तिथं पानी गढूळ असू दे न्हाईतर नितळ, पन ते वाहतं, म्हनून नारू म्हंजी काय ह्ये मला ठाऊकच न्हवतं. लगीन होऊन मी इकडं शेवगावच्या बाजूला कोरड्या मुलखात आले, गावाचं नाव नका घालू ताई, त्या घरांतली मानसं अजून हायेत, तर पैल्याच उन्हाळ्यात बघते तर काय, गावातली निम्मी मानसं ओट्यावर पाय पसरून बसल्याली. म्या सासूला इचारलं, आत्याबाई, ह्यांनी समद्यांनी एकाच टायमाला पाय कसं मोडून घेतलं वं? सासू लई हसली. मंग म्हनली, चल माझ्यासंग, दावते तुला.

सासू नारू काढायची. तिनंच मला शिकीवलं. आता तुमी लिवून घेताय म्हनून सांगते, कारन आजच्या पोरांना सांगितलं तर म्हनत्यात म्हातारी थापा मारती. नारू म्हंजी किडा, शेवईवानी बारीक, पांढरा, आन् लांब म्हनाल तर हातभर, कदी त्याच्याहून जास्ती. पायाला फोड येनार, इस्तवावर पाय ठेवल्यागत आग आग हुनार, फोड फुटला की त्यातनं नारूचं तोंड दिसनार. ते बाजरीच्या बारीक काडीला गुंडाळायचं आन् रोज थोडं थोडं वढायचं, आज बोटभर, उद्या आनिक बोटभर. घाई केली की तुटतो, तुटला की आत सडतो, पाय सुजून भोपळा, आन् मंग कुनाचा गुडघा धरतो, कुनाचा घोटा धरतो, जन्माचं लंगडं. आन् निघायचा कवा, तर ऐन नांगरटीला, मिरगाच्या तोंडावर. घरातली तिघं तिघं आडवी, बैल दावनीला, पेरनार कोन?

आमी ख्रिस्ती. आज्या सासऱ्याच्या काळात समदी वस्ती येशूला शरन गेली, नावं बदलली, प्रार्थना बदलली, पन गावात शिरायची वाट तीच राह्यली. नारू काढायला मातर आमी चालायचो. पाय ठनकाया लागला की मानूस इटाळ इचारत न्हाई. फकस्त येक रीत हुती, पाय धुवायला जे पानी लागंल ते आमी आमच्या आडाचं न्यायचं, कळशीत घालून, कारन त्यांच्या घरातल्या पान्याला आमचा हात लागाया नगं. काम आमचं, पानी बी आमचंच. ह्या रीतीचा म्या लई राग राग केला, खोटं कशाला बोलू. पन फुडं ह्या रीतीनंच काम केलं, ते सांगते.

मला लहानपनापासनं येक खोड, इचारत सुटायची. नारू येतो कुठनं? कुनी म्हनायचं देवीचा कोप, कुनी म्हनायचं शिळी भाकर, कुनी म्हनायचं मागल्या जलमी सापावर पाय दिला आसंल. म्या म्हनलं, समद्या गावानं दिला व्हय? सासू म्हनायची, मार्था, आपलं काम काढायचं, घालतो कोन ते देव बघंल. पन माझं डोकं काई गप बसंना. नव्या सुना गावात यायच्या ना, त्यांना पैला उन्हाळा काई व्हायचं न्हाई, दुसऱ्या उन्हाळ्याला बरूबर फोड. म्हंजी ह्यो आज धरतो आन् वरसानं निघतो, येवढं मला कळलं. मंग माझ्या ध्यानात आलं की मला इथं येऊन चार उन्हाळं झालं, मला कुठं काय झालं? वस्तीत तरी कुनाला हाय? सासूला इचारलं तर ती बोटांवर घरं मोजाया लागली, म्हनली, व्हय की गं, आपल्यात न्हाई कुनाला.

गावाची बारव मोठी, चिरेबंदी, शेजारी म्हादेव, रुंद रुंद पायऱ्या थेट पान्यात गेलेल्या. आमच्या आडाचं तोंड म्हंजी बैलगाडीच्या चाकायेवढं. वस्तीतल्या गड्यांनी सवता खांदला हुता, पायऱ्या बांधायला पैका कुठला, म्हनून वर रहाट लावला आन् दोर सोडला. आड व्हायच्या आदी आमच्या बाया बारवंच्या काठाला मडकी मांडून बसायच्या, कुनाला दया आली तर वरनं वतायचा, न्हाईतर दिस बुडेपत्तुर बसा. सासूनं ते भोगलं हुतं. आता गंमत अशी, बारव आटली की आड आटायचा, बारव भरली की आड भरायचा. म्हंजी झरा येकच. मंग नारू तिकडंच का?

तवा लढाई चालली हुती. रॉकेल न्हाई, कापड रेशनवर, फोडाला बांधायला चिंधी मिळायची मारामार. होळी झाली आन् मला सगुनाच्या घरनं बोलावनं आलं. सगुना म्हंजी रंगनाथाची बायकू, चांगलं जमीनवालं घर. तवा मी तिला वैनी म्हनायची. मागल्या साली तिचा नारू तुटला हुता, डावा पाय लई दिस सुजला हुता, औंदा उजव्या पायात. परातीत पाय ठेवून म्या गार पानी वतलं, गार पानी लागलं की तो तोंड भाईर काढतो, आन् त्या तोंडातनं पांढरं, दुधावानी आलं, समदं पानी ढवळं झालं. ह्ये म्या कितींदा बघितलं हुतं. पन सगुना वाकून बघायली आन् म्हनली, मार्था, ह्ये काय सोडतोय गं? म्या म्हनलं, काय की वैनी. पानी उकिरड्यावर वतलं आन् निघाले.

वाटंत बारव. बघते तर खालच्या पायरीवर येक गडी गुडघाभर पान्यात हुबा. पायात नारू, आग आग हुतीया, गार पान्यात बरं वाटतं, डोळं मिटून घेतल्यालं त्यानं. आन् त्याच्या शेजारी येक बाई घागर बुडवती. ताई, मी तशीच हुबी राह्यले. ते दुधावानी पानी म्या उकिरड्यावर वतून आले, आन् हितं तेच घागरीत चाललंय.

घरी येऊन सासूला सांगितलं तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हनली, गावात बोलू नगंस. तू म्हननार पायरीचं, लोकं ऐकनार पान्याचं. आपल्या आडाला नारू न्हाई येवढं त्यांना कळलं की उद्या आड त्यांचा, आन् आपुन परत मडकं मांडून बसायचं. तिचं काय चूक हुतं? मी गप बसले. पन रोज सगुनाकडं जायाचं, आन् तिची धाकटी पोर, पाच वरसाची, उंबऱ्यात बसून आईच्या पायाकडं बघायची. येक दिस सगुना म्हनली, माझं गेलं ते गेलं मार्था, फुडल्या साली हिच्या पायाला काडी बांधायची येळ आली तर मला बघवायचं न्हाई. मंग मला काई राह्यवलं न्हाई. समदं सांगितलं तिला, बारव, आड, गड्याचा पाय, समदं.

तिनं पोरीला जवळ वढलं. मंग हळूच म्हनली, तुझ्या कळशीतलं पानी मला दे.

मी घाबरले. म्हनले, वैनी, कळलं तर तुमाला घरात ठेवतील का? ती म्हनली, खरं का खोटं ह्ये कळायला दुसरी वाट हाय का? न्हवती वाट. वरीसभर दुसरं पानी पिऊन बघायचं, येवढीच वाट. तिनं कळशीवर तोंड लावलं न्हाई, वंजळ धरली, म्या वरनं वतलं. घाईत निम्मं तिच्या लुगड्यावर सांडलं. पोरीला सांगितलं औषद हाय. ती पोर गावभर सांगत सुटली, मी मार्थाबाईचं औषद पिती म्हनून.

आता खरी मेख म्होरं हुती. नारू तर वीस-बावीस दिसांत निघाला. पाय बरा झाला तर मी कळशी घेऊन कशाला जायाची? मंग सगुनानं डोकं चालवलं. लुगड्याचा काठ फाडला, पायाला चिंधी बांधली, आन् घरात सांगितलं, तुकडा आत राह्यलाय, पाय रोज धुवावा लागनार. तीच चिंधी बांधून तिनं पेरलं, खुरपलं, बाजरी काढली, दिवाळी केली. चारचौघांत आली की जरा लंगडायची, कदी कदी इसरून दुसऱ्याच पायानं लंगडायची, मी लांबनं खुनवायची. तिची सासू म्हनायची, ही मार्था नारू काढती का पाळती? समद्या गावात माझं नाव खराब झालं, लोकं म्हनाया लागली हिच्या हाताला गुन राह्यला न्हाई. मला राग यायचा, हसू बी यायचं, आन् भ्याव तर रोजचंच. कारन वरसाच्या आखरीला तिला फोड आला आसता तर माझं समदं ग्यान पान्यात.

परत होळी आली. पाडवा झाला, फोड दिसाया लागलं. सगुनाची सासू आडवी झाली, रंगनाथ आडवा झाला, त्याच्या तर दोन्ही पायांत. सगुना रोज पोरीचं पाय न्याहाळायची, सवताचं न्याहाळायची. चैत गेला, वैशाख लागला. काई न्हाई. पोरीला बी न्हाई, तिला बी न्हाई.

पाटलाला त्या साली गुडघ्याखाली निघाला हुता. मी त्याच्या ओसरीवर काडीला गुंडाळत बसले हुते, चार मानसं बसल्याली, आन् सगुना आली. डुईवर पदर घेतला, खाली बसली आन् पायाची चिंधी सोडली. पाय साफ. नवा फोड न्हाई, फकस्त जुना वण. म्हनली, पाटील, वरीस झालं, मी आन् माझी पोर बारवंचं पानी प्यालो न्हाई. हिच्या आडाचं प्यालो. घरात बाकी समद्यांना नारू हाय, आमा दोघींना न्हाई.

 माझ्या हातात काडी, काडीला पाटलाचा नारू, मला उठता बी येईना. पाटलानं सगुनाकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं आन् इचारलं, तुमच्या आडाचं पानी येवढं चांगलं हाय?

हेच सासूला भ्याव हुतं. माझ्या डोळ्याम्होरं समदी वस्ती मडकी घेऊन बसल्याली दिसली. म्या म्हनलं, न्हाई पाटील, झरा येकच हाय, उलट तुमचं पानी जास्ती गोड. आमच्या आडाला पायऱ्या न्हाईत, येवढंच. आन् परात वढली, त्याचा पाय ठेवला, कळशीतलं पानी वतलं. ते पांढरं आलं. म्हनले, ह्ये बघा. तुमी बारवंत पाय बुडवता तवा ह्ये तिथं जातंय.

पाटील परातीवर वाकला. मंग तोंड फिरवून म्हनला, आन् ह्येच आमी पितो व्हय.

सगुनाला काय सोडलं न्हाई कुनी. गोमूत्र पाजलं, महिनाभर तिची चूल वायली मांडली. ती मला म्हनली, मार्था, पाप वरसाचं आन् प्रायश्चित्त महिन्याचं, सस्तात सुटले. पन पाटलानं पायऱ्यांच्या तोंडाला दगडाची भिंत घातली, वर रहाट बसवला. जुनी मानसं कुरकुरली, वाडवडलांच्या पायऱ्या बंद करायच्या म्हंजी काय. काई जन भिंतीवरनं उड्या टाकून खाली जायाचे. तवा सगुना काय करायची, उन्हाळाभर तिथं लिंबाखाली बसायची, हातात काठी, कुनी खाली उतराया लागला की सात पिढ्यांचा उद्धार. सवताचा चुलतसासरा बी तिनं सोडला न्हाई. तुमी माझं लिवाया आला ताई, माझं काय, मी काढायची. गावाचा नारू हटवला तो तिनं, आन् तिला कुनी येक नारळ बी दिला न्हाई.

वरसानं नारू निम्म्यावर आला, फुडल्या साली दोन-चार. मंग स्वराज्य आलं, आन् त्याच्या मागनं येक साल असं कोरडं गेलं की आमचा आड तळाला लागला. आमी बाया घागरी घेऊन बारवंवर गेलो, लांब हुब्या राह्यलो, कुनी वतंल म्हनून. सगुना रहाटावर हुती. तिनं आमाला वतलं न्हाई. मला हाक मारली आन् दोर माझ्या हातात दिला. येक म्हातारा खाकरला, सगुना, ह्ये बरं न्हाई. ती म्हनली, काका, पाय बुडवून पाजलं ते बरं हुतं? मंग म्या वढलं. जड हुतं, पन म्या वढलं. त्या दिवशी तिनं मला बजावलं, वैनी म्हनायचं बंद कर.

आता माझी बोटं बघा, वाकडी झाली, पन अजून नारू आला तर न तोडता काढीन. मधी नातसून म्हनली, आजी, मला बी शिकवा की ती इद्या, तुमच्या माघारी कुनाला तरी येऊ द्या. म्या म्हनलं, न्हाई बाई. ही इद्या माझ्यासंग मातीत जाऊ दे. तुज्यावर कुनाचा पाय मांडीवर घ्यायची येळ देव न आनो.