समूहगान वजा केल्यावर

नाही, नाही, बसा ना सर, प्रश्न झकास विचारलात — “कधी खरं संगीतही ऐकतोस का रे, की दिवसभर हा धडधडाटच?” — एवढं विचारायला गुडघे धरत जिना चढून आलात, तर उत्तर घेऊनच जा. हा बघा, बंद केला धडधडाट. खुर्चीवर नको, तिचं चाक निघतं. पलंगावर बसा. ऐकतो तर! कॉम्प्युटरवर ठोके बनवणारी आम्ही माणसं घरी ठोके ऐकत नाही, सर. मिठाईवाला घरी जाऊन मिठाई खातो का? माझा एक दोस्त आहे, ड्रिल म्हणतो आम्ही त्याला, त्याचं संगीत लावलं की कपाटातली भांडी खाली येतात — तो झोपताना अंगाईगीतं ऐकतो. एवढी छातीपर्यंत दाढी, आणि कुठल्या कोण म्हातारीची अंगाई लावून पडतो. दुसरी एक पोरगी संथ पियानो ऐकते, आणि तोही पियानोसाठी नाही — वाजवणाऱ्याचं स्टूल मध्येच करकरतं, त्या करकरीसाठी. तुम्हाला वेडेपणा वाटेल. पण आमचा रोगच हा, गाणं सगळेच ऐकतात, गाण्याच्या मागे काय हललं ते आम्ही ऐकतो.

आणि मी? मी तुमचं ऐकतो. — खरंच. तुमचं ते समूहगान. पन्नास-साठ माणसं एकदम तोंड उघडतात, ताल नाही, ठेका नाही, नुसता आवाजाचा डोंगर हळूहळू सरकत जातो. सकाळी सुरू, दुपारी सुरू, दिवे लागले तरी सुरू. आई म्हणते, सर रिटायर झाले पण प्रार्थना सुटली नाही. आईचं काय घेऊन बसलात — तिच्या पोराला तुम्ही भर वर्गात “वाया गेलेला माल” म्हणून शाळेबाहेर काढलंत, आणि तरी जिन्यात तुम्ही दिसलात की ती भिंतीला चिकटून वाट देते. मी नाही देत. पण समूहगान आवडलं, त्यात खोटं कशाला बोलू. इतकं आवडलं की चोरायचंच ठरवलं. तो पाण्याचा पाइप बघा, कोपऱ्यातला — तुमच्या न्हाणीघरातून वर येतो — त्याला बटणाएवढं काळं चिकटवलंय ना, तो माइक. हो, माझाच. ओरडा की, वाट्टेल तेवढं ओरडा, या भिंतींवरचा फोम माणसाचा आवाज गिळून टाकतो. बास, म्हणजे तो खालचा जाड आवाज, मात्र नाही गिळत, बास जमिनीतून खाली उतरतो, म्हणून तर तुम्ही वर आलात.

आता हा डावीकडचा स्पीकर लावतो. येतंय? तुमचं घर, सर, आत्ता, या क्षणाचं. वर येतानासुद्धा बंद नाही केलंत. मला वाटलंच होतं.

तर रेकॉर्ड केलं. पण पाइपातून आलेलं, खालून कसलीतरी खरखर होती, टकटक होती, म्हटलं नळ असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तीच घाण. मग आमची एक युक्ती आहे — सोपी आहे, वाया गेलेल्या मालालाही जमते. एकच आवाज दोनदा घ्यायचा, त्यातला एक उलटा करायचा, जिथे लाट वर जाते तिथे खाली, आणि एकावर एक ठेवायचे. दोघं एकमेकांना खातात. साफ. मुळात दोन्ही अगदी सारखे असले तरच जमतं हं — एरवी भिंतीपलीकडच्या गाण्याला कोणी करून दाखवावं! माणूस रोज आवाज थोडा कमीजास्त करतो, कधी दुसरं काही लावतो. पण तुम्ही! तीच सीडी, तेच गाणं पुन्हा पुन्हा, बटण केसभर जागचं हललेलं नाही. शिस्त, सर, शिस्त. मी तर हात जोडले. समूहगान जवळजवळ सगळं गेलं, आणि दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये जे सारखं नव्हतं तेवढं उरलं.

ठक, ठक, ठक — थांबून — ठक, ठक.

मला आवडलं ते. ऐका आता, हे बोलणार नव्हतो. मला फार आवडलं. लूप केलं, खाली बास भरला, ड्रिलला पाठवलं, तो म्हणाला, कुठून आणलंस, काय जीव आहे याच्यात! जीव! दोन दिवस मी इथे बसून त्याच्यावर मान हलवत होतो. आणि मग एकदा चहा पिताना माझाच हात टेबलावर वाजवायला लागला, बोटं नव्हे — बोटांची पेरं — तीन, थांबून, दोन — आणि कप सुटला हातातून. कारण ते मला कोणी शिकवलं? तुमच्या शाळेने? तुमच्या स्वयंपाकघरात, तुम्ही घरी नसताना, काकूंनी शिकवलं. मी केवढासा होतो. “थांबायचं असतं रे गाढवा, थांबण्यातच गंमत आहे,” म्हणायच्या. ठोका म्हणजे काय हे मला जगात पहिल्यांदा त्या बाईने सांगितलं.

काकू मुलीकडे गेल्यात ना, सर? उन्हाळा काढून येतील म्हणाला होतात. उन्हाळा गेला. आईने विचारलं तर म्हणालात, तिकडची हवा मानवली. आणि मुलीने फोन केला तर तिला काय सांगितलंत? “आई झोपलीय.” दर वेळी झोपलेली! — नाही, उठू नका. मला माहितीय काय झालं ते, सगळ्या इमारतीला माहितीय. त्या विसरायला लागल्या. एकदा जिन्यात उभ्या होत्या, परकराचीसुद्धा शुद्ध नव्हती, मला विचारत होत्या, माझी शाळा सुटली का. मीच हाताला धरून आणून सोडलं तुमच्या दारात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत — त्यांच्याकडे नाही — माझ्याकडे, की याने बघितलं! हेडमास्तरांची बायको अशी! मग काय, खोली, कुलूप आणि वरून पन्नास-साठ माणसांचं समूहगान. काय उपयोग केलात हो संगीताचा! आम्ही निदान लोकांना नाचवतो.

दार ओढू नका. आईने बाहेरून कडी लावलीय. हो, माझ्या आईने, त्या भिंतीला चिकटणाऱ्या. मी तिला फक्त ऐकवलं, समूहगान वजा करून. ती उठली आणि तुमच्या मुलीला फोन लावला. — ठोका की, दारावर ठोका. कसं वाटतं? फोम आहे, सांगितलं ना. धडधडाट आज मुद्दाम लावला होता, तुम्ही तडतडत वर यावं म्हणून. ताई, तुमची मुलगी, कोपऱ्यावर थांबली होती. तिच्याकडे घराची जुनी किल्ली आहे. आतल्या कुलपाची नाही, म्हणून सोबत कुलूपवाला आणलाय.

श्‌श्. डावीकडे.

ऐकलंत? समूहगान बंद झालं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सर! — आणि हे बघा, आता काही वजा करावं लागत नाही. ठक, ठक, ठक. थांबल्या. ठक, ठक. — कुलूपवाल्याचा हातोडा, तो वेगळा, जड आहे. ठक, ठक, ठक. थांबल्या. —

थांबल्या.

ठोकत का नाहीत? — दार उघडलं असेल. दार उघडलं म्हणूनच. बोल ना ताई काहीतरी, पाइपाजवळ ये, कोणीतरी बोला —

थांबा, आईला फोन लावतो. — आई, कडी काढ. जा सर, तास संपला. जा ना. आता का बसलात?