पाचवं बटण

(शिवणाच्या कारखान्यातलं काज-बटणाचं खातं. जेवणाची सुट्टी, मशीनं बंद.)

वहिनी : म्हणजे तुम्ही वर सभेत जाऊन सगळ्यांसमोर सांगणार, की ती तुमची चूक होती.

मास्तर : चूकच आहे वहिनी. कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेत माझी गोष्ट छापून आली, तेव्हाच डोळ्यांत खुपली. सुरुवातीला मीच लिहिलंय, कोटाला काजं पाच. आणि शेवटी काय, तर बाईनं चौथं बटण लावलं, दोरा तोडला, दिवा मालवला आणि झोपली. पाचवं बटण राहूनच गेलं. लिहिण्याच्या भरात विसरलो.

बाजा : जन्मभर कोट कापले आणि गोष्टीत बटण विसरले. कमाल आहे मास्तर तुमची.

मास्तर : बाजा, तोंडात घास असताना तरी तोंड बंद ठेवत जा. तुला बाजा म्हणतात ते उगाच नाही.

बाजा : मग हवा कुठून आत येणार? खिडक्या तर इथे नाहीतच.

मास्तर : बघा, ही अशी. माझ्या एका विसरण्यावर तुम्ही बायकांनी केवढा डोलारा उभा केलाय. पंधरवडा झाला, या खात्यातून जाणाऱ्या एकाही कोटाला शेवटचं बटण नाही. गिऱ्हाईकं माल परत पाठवतायत. आणि मालकांनी जाब विचारला तर म्हणे, गोष्टीतल्या बाईनंही नाही लावलं. अहो, मी निवृत्त माणूस. घरात बसून दोन ओळी खरडल्या, आणि आता माझंच नाव सगळ्यांच्या तोंडी.

वहिनी : बटण खिशात असतं. त्याच रंगाचं, कागदात गुंडाळून. आम्ही काही चोरलेलं नाही.

मास्तर : मी चोरलं म्हणालोय का?

वहिनी : मालक म्हणालेत. म्हणून सांगितलं.

मास्तर : बरं, पण हे कशासाठी चाललंय?

वहिनी : ते तुम्हाला माहीत आहे भावोजी. मागच्या दारासाठी.

बाजा : मी सांगते. इस्त्रीखात्यात वायर जळली. धूर इथपर्यंत आला. सगळ्या जणी पुढच्या जिन्याकडे पळाल्या, कारण मागच्या दाराला हे एवढं कुलूप. का, तर म्हणे मागून माल बाहेर जातो. जिन्यात माझ्या अंगावर चौघी पडल्या. मी आहे म्हणून निभावलं, माझ्या जागी एखादी किडकिडीत असती तर तिचा फोटोच भिंतीवर लावावा लागला असता.

मास्तर : मालक म्हणालेत ना, दाराचं बघू.

वहिनी : धूर झाला तेव्हापासून बघतायत. आम्ही अर्ज दिला, भेटलो, हात जोडले. कुलूप तसंच. मग एक दिवस सुट्टीत हिनं तुमची गोष्ट मोठ्यानं वाचली. नुसता वेळ घालवायला. शेवटचं वाक्य झालं. ती कोपऱ्यातली म्हातारी आहे ना, दिवसभर ब्र काढत नाही, ती म्हणाली, "नाही लावलं तिनं. बरं केलं."

बाजा : अंगावर काटा आला माझ्या. आणि दुपारी काम सुरू झालं, तर तिनंच पहिलं बटण उचललं आणि गपचूप खिशात घातलं. कोटाच्या.

मास्तर : पण 'नाही लावलं' असं नाहीच आहे ते. तिनं लावलंच. मी लिहायला विसरलो. गोष्ट माझी आहे की तुमची?

वहिनी : तुम्ही इथे कापणीचे मास्तर होतात. लग्नात घाल म्हणून कापलेला कोट कोणी कोर्टात घालून गेला, तर तुम्ही त्याच्या मागे धावलात का?

मास्तर : कोट वेगळा, गोष्ट वेगळी. गोष्ट लिहिताना माणूस मनात काहीतरी धरतो. मी काय धरलं होतं ते मला विचारा. एक म्हातारी आहे, अंगात ताप आहे, आणि मालकाच्या मुलाच्या लग्नाचा कोट सकाळी द्यायचाय. ती बसते आणि पुरा करते. कारण शब्द दिलाय. इमानदारी, हा त्या गोष्टीचा अर्थ. पुढे-मागे दुसरं काही नाही.

बाजा : इमानदारी कुठे लिहिलीय? मी तर किती वेळा वाचली, मला नाही सापडली.

मास्तर : ती लिहावी लागत नाही. कळते.

बाजा : आम्हाला दुसरंच कळलं.

मास्तर : हेच तर. आज तुम्हाला हे कळलं. उद्या कोणी म्हणेल, बाई चोर होती, पाचवं बटण लपवून घरी घेऊन गेली. तेही मानायचं? लिहिणाऱ्यानं कुठेतरी कुंपण घालायला नको?

वहिनी : घातलंय की तुम्ही. जे लिहिलंत तेच कुंपण. बटण घरी नेलं असं गोष्टीत आहे? नाही. मग ती चोर नाही. तसं म्हणणाऱ्याला मीच सांगेन, दाखव कुठे आहे ते. पण काजं पाच आहेत, बटणं चार आहेत आणि दोरा तिनं तोडलाय. संपला असं नाही लिहिलंत. काम बाकी असताना कोणी दोरा तोडतं का, तुम्हीच सांगा.

मास्तर : ते... वाक्य बरं वाटलं म्हणून लिहिलं.

वहिनी : आम्हालाही बरं वाटलं.

बाजा : घ्या. मिटलं की.

मास्तर : हसा तुम्ही. मालक काय म्हणालेत ते आधी ऐका. आज सभेत मी सांगायचं, की ही नजरचूक होती, गोष्ट इमानदारीची आहे आणि दुसरा कुठलाही अर्थ लेखकाला मान्य नाही. आज कापणीखातं तुमच्या बाजूनं आहे, इस्त्रीवाले आहेत. का? तर मास्तरांच्या गोष्टीत आहे म्हणून. जुनी माणसं मला मानतात. मी शब्द मागे घेतला की तीही मागे सरतील. मग तुम्ही तेवढ्या उरता. आणि उद्यापासून जिच्या हातून बटण राहील तिला घरी बसवणार. पहिलं नाव तुमचं आहे वहिनी.

वहिनी : मला वाटलंच होतं.

मास्तर : म्हणून तर वर जायच्या आधी इथे आलो. मी मालकांचे पाय धरले. म्हटलं, माझ्या भावाची बायको आहे, मी समजावतो. आज दुपारपासून बटण लावा, कोणी तुम्हाला काही बोलणार नाही. पदरात पाडून घ्या आणि गप्प बसा.

वहिनी : आणि मागचं दार?

मास्तर : बघतील.

वहिनी : हं. आणि तुम्हाला काय मिळणार?

मास्तर : मला काय मिळायचंय या वयात. गोष्ट दुरुस्त करून पुन्हा छापणार म्हणाले. पाच बटणांची. आणि सभेत घालायला हा कोट पाठवला.

बाजा : कोट झकास आहे हां. खांद्याला काय बसलाय. जरा इकडे वळा बघू. अगं बाई. ताई, खालून बघा.

वहिनी : बघितलं मघाशीच. आपल्याच खात्यातला आहे.

मास्तर : काय झालं?

वहिनी : शेवटचं काज रिकामं आहे भावोजी. आतल्या खिशात हात घाला.

मास्तर : ...आहे. कागदात बटण आहे.

बाजा : गोदामातला वरचाच उचलून पाठवला असणार. त्यांना तरी कुठे मोजता येतंय.

मास्तर : थट्टा पुरे झाली. तुम्हाला सगळा खेळ वाटतोय. बाजा, तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. गोष्टीतली ती म्हातारी म्हणजे माझी आई आहे.

बाजा : अं?

मास्तर : या खांबाजवळच्या मशीनवर आयुष्य काढलं तिनं. एक टाका कधी चुकवला नाही. मी ती गोष्ट लिहिली ती तिची आठवण राहावी म्हणून. आणि तुम्ही तिची काय केलीत? काम अर्धवट टाकून झोपणारी. परवा गेटवर तो पहारेकरी मला म्हणतो, "मास्तर, तुमच्या गोष्टीतली बाई भारी बंडखोर हो." हसत होता. मला ते सहन होत नाही. पुस्तक गेलं खड्ड्यात, कोट गेला खड्ड्यात. माझ्या आईला कोणी कामचुकार म्हणू नये, एवढ्यासाठी मी वर जाणार आहे.

बाजा : मास्तर, देवाशप्पथ, आम्हाला कोणाला माहीत नव्हतं.

वहिनी : मला होतं.

मास्तर : मग तुम्ही तरी यांना थांबवायचं. तुमची ती सासू होती.

वहिनी : म्हणूनच नाही थांबवलं. भावोजी, सासूबाई तापात तो कोट शिवत होत्या, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मास्तर : इथेच, कापणीच्या टेबलावर. लग्नसराई होती. दोन दिवस घरी आलो नव्हतो.

वहिनी : मी घरी होते. त्यांच्या कपाळावर ओला फडका बदलत होते. दात वाजत होते त्यांचे. सुईचं भोक दिसेना, तर एकेक बटणाला दोरा मी ओवून दिला. मी म्हटलं, आई, नाही होणार म्हणून निरोप धाडू का? त्या काय म्हणाल्या माहीत आहे? "मला नाही म्हणता येत नाही गं." इमानदारी नाही, शब्द दिलाय नाही. म्हणता येत नाही, एवढंच. पाचही बटणं लावली त्यांनी. कोट वेळेवर गेला. त्यांना बघायला मात्र वरून कोणी आलं नाही, आणि त्या पुन्हा कधी मशीनवर बसल्या नाहीत.

मास्तर : हे मला कोणी सांगितलं नाही.

वहिनी : तुम्ही विचारलं कुठे? एकदम गोष्टच लिहिलीत. वाचायला घेतली तेव्हा खरं सांगते, मला तुमचा राग आला. तापाचं एवढं कौतुक. पण शेवटाला आले आणि हात थांबला. पुन्हा वाचलं. चौथं लावलं, दोरा तोडला आणि झोपली. मी रडले भावोजी. सासूबाईंना जन्मभर जे म्हणता आलं नाही, ते या बाईनं एका शब्दाशिवाय म्हणून टाकलं.

मास्तर : पण खरं तसं नाही ना झालं. खऱ्यात तिनं पाच लावली. तुम्हीच सांगताय.

वहिनी : खऱ्यात लावली. आम्हीही इतकी वर्षं खऱ्यात पाचच लावत आलो.

मास्तर : माझ्या मनात नव्हतं हो ते.

वहिनी : नसेल. तुमच्या मनात काय होतं ते तुमच्यापाशी राहू द्या, त्याला कोण हात लावतंय? पण छापलेलं पान आमच्यापाशी आलंय. तुम्ही विसरलात म्हणून का होईना, त्या बाईला एक रात्र धड झोप मिळाली. आता तिला उठवून पुन्हा सुई हातात देऊ नका.

बाजा : आणि मास्तर, कामचुकार कोणी म्हणत नाही हो तिला. इथे सगळ्या तिला आपली म्हणतात. मी तर कंटाळा आला की तिच्याशी बोलते.

मास्तर : तू कोणाशीही बोलतेस.

बाजा : ते पण आहे.

मास्तर : मग मी वर जाऊन काय करू? खोटं बोलू? चार बटणं मी मुद्दाम लिहिली म्हणू?

वहिनी : मुळीच नाही. विसरलो म्हणा. ते खरं आहे आणि ते तुमचं आहे. पण अमुक अर्थ घ्या आणि तमुक घेऊ नका, हे सांगू नका. तेवढं आता तुमच्या हातात नाही. माझ्याही नाही.

मास्तर : मालक सोडतील का? ते विचारणारच, मग बाईनं पाचवं बटण का लावलं नाही.

बाजा : म्हणा, बटणखात्याला विचारा.

मास्तर : आणि तुमची नोकरी वहिनी?

वहिनी : गेली तर गेली. मी सासूबाईंच्याच मशीनवर बसते, तुम्हाला माहीत आहे. धूर झाला त्या दिवशी मी तिथून उठले आणि जुन्या सवयीनं मागच्या दाराकडे धावले. कुलूप हातानं ओढून पाहिलं. ते ओढणं अजून माझ्या हातात आहे. तुम्ही वर काय वाटेल ते सांगा, मी तुमच्यावर रागवणार नाही. पण ते दार उघडेपर्यंत माझ्या हातून पाचवं बटण लागणार नाही. तुमची गोष्ट तुम्ही पाचाची करा नाहीतर पन्नासाची करा.

मास्तर : तुम्ही पूर्वी अशा नव्हतात.

वहिनी : पूर्वी मीही नुसती दोरा ओवून देत होते.

बाजा : भोंगा झाला. ऐकलंत? सगळे वर निघाले. कापणीवाले बघा, तुमच्यासाठी जिन्यात थांबलेत. मास्तर, चला.

मास्तर : आलो. बघू काय तोंडून निघतं ते.

वहिनी : थांबा भावोजी. असे जाऊ नका. सगळ्यांचे डोळे तुमच्यावर असणार. कोट काढा, बटण द्या इकडे. क्षणात लावून देते.

मास्तर : तुम्ही लावणार?

वहिनी : माझ्या मशीनवरचा कोट वेगळा. हा तुमच्या अंगावरचा आहे. तुमचं तुम्ही ठरवा.

बाजा : सुई ओवून तयार आहे मास्तर. लवकर सांगा.

मास्तर : राहू द्या वहिनी. आज काही एवढी थंडी नाही.