ओली सावली

फेर्मिन : दार उघडा, माय. समिती चौकात खोळंबलीय.

एर्सिलिया : खोळंबू दे. तू आधी आशीर्वाद माग. केस पिकायला लागले, देवळाच्या किल्ल्या कमरेला खुळखुळवत फिरतोस, आणि धर्ममायच्या दारात येऊन पहिला शब्द काय, तर ‘दार उघडा’?

फेर्मिन : आशीर्वाद द्या, माय.

एर्सिलिया : देव तुझं भलं करो आणि तुला अक्कल देवो. दुसरं त्यालाही जरा जडच जाईल. हं, बोल आता. तिथूनच बोल.

फेर्मिन : इथं ऊन फार आहे हो.

एर्सिलिया : आहे ना? मग लवकर आटप.

फेर्मिन : ती बाई तुमच्या घरात आहे. तुम्ही तिला भर चौकातून पाठीवर टाकून आणलीत, सगळ्यांनी बघितलं.

एर्सिलिया : मग ती कोसळली तेही सगळ्यांनी बघितलं असेल. उचललं कुणी? पिंपं सरकवत होते मेले! ‘उभी करा तिला, आडवी पडली की सावली आटते’ असं तुझी बायको ओरडली. तिचा आवाज मी ओळखते, तिच्या बारशाला मीच होते.

फेर्मिन : माय, जरा शांतपणे विचार करा. हे मिठागराचं गाव. विहिरीच्या पाण्याला गाढवसुद्धा तोंड लावत नाही. अशा गावावर परमेश्वरानं कृपा केली. एक परकी बाई चालत येते, तिची सावली जिथं पडते तिथली जमीन ओली होते, गोडं पाणी पाझरतं, पिंपावर पडली तर पिंप भरतं...

एर्सिलिया : मला काय सांगतोस? माझ्याच कुंपणाशी पहिल्यांदा पाझरलं. सरहद्दीपलीकडून ऊस तोडायला आली होती, कारखान्यानं हाकलली, माझ्या कुंपणाला टेकून बसली. मी म्हटलं, बसू दे. दुसऱ्या दिवशी तिथं गवत उगवलं. आणि तिसऱ्या दिवशी तुझी समिती उगवली.

फेर्मिन : कृपेची व्यवस्था कुणीतरी बघायला हवी ना!

एर्सिलिया : बघितलीस हो! सावली रुंद पडावी म्हणून तिच्या डोक्यावर सुपाएवढी टोपी कुणी चढवली?

फेर्मिन : समितीनं.

एर्सिलिया : आणि दोन्ही हात पसरून उभी राहा म्हणून कुणी सांगितलं?

फेर्मिन : ते क्रुसाचं प्रतीक होतं, माय. भाविकांना...

एर्सिलिया : प्रतीक! बगलेखाली आणखी दोन पिंपं मावत होती, ते बोल. भर दुपारी सावली पायाशी गोळा झाली, तर तिला टेबलावर चढवलीत. तेही प्रतीक? टेबलाची सावली कोरडी ती कोरडीच. गाव तहानेनं प्यालं तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. पोरंबाळं प्याली, बरं वाटलं. पण मग त्या बाटल्या आल्या. गळ्यात जांभळी फीत. एक बाटली सांधेदुखीला, एक वांझेला, एक गेलेल्या नवऱ्याला परत आणायला. तुझ्या अंगणात एवढ्या कोंबड्या कुठून आल्या रे? त्याही पाझरल्या?

फेर्मिन : लोक श्रद्धेनं आणून देतात. आणि तुमच्या कॉफीत कुठलं पाणी होतं, सांगाल का?

एर्सिलिया : माझ्या टाकीतलं, खारं. म्हणून तर जीभ अशी आहे.

फेर्मिन : बरं, राहिलं. उद्या सकाळी बिशप येताहेत. राजधानीहून, खास! ते बघतील, त्यांची खात्री पटेल, मग इथं मोठं देऊळ होईल. तिलाही चांगली खोली बांधून देऊ.

एर्सिलिया : छप्पर असलेली?

फेर्मिन : छप्पर... छप्पर घातलं तर सावली कशी पडणार?

एर्सिलिया : वा! चार भिंती आणि वरून सूर्य. माझ्या बकऱ्यांना याहून बरी खोली आहे.

फेर्मिन : माय, तुम्ही समजून घेत नाही. ती काही आपल्यासारखी नाही. पलीकडची आहे. त्यांचे देव वेगळे, ढोल वेगळे. बाप्तिस्मा नाही, काही नाही. बाप्तिस्मा न झालेला जीव जन्मभर तहानलेला असतो, तीच तहान तिच्या सावलीतून रडते. बिशपांना मी तसंच कळवलंय. म्हणून तर ताकीद दिली होती, तिच्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. थेंब पडला की झरा बंद.

एर्सिलिया : मी तांब्या ओतला.

फेर्मिन : काय?

एर्सिलिया : डोक्यावर. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. इथंच, या उंबऱ्यात. डोळे पांढरे झाले होते तिचे. मरायला टेकलेल्यावर कुणीही ओतू शकतं, तुझ्या पुस्तकातच आहे. जन्मलास तेव्हा तूही असाच निळा पडला होतास, सुईणीनं तुला टोपलीत टाकून दिलं होतं. तुझ्या डोक्यावर मी ओतलं ते कॉफीसाठी उकळत ठेवलेलं पाणी. निवायलाही थांबले नाही. तेव्हा जो ओरडलास तो अजून थांबला नाहीस.

फेर्मिन : माय! काय करून बसलात हे!

एर्सिलिया : तुझी बहीण करून बसले.

फेर्मिन : माझी...?

एर्सिलिया : एका धर्ममायच्या हातचं पाणी ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर पडलं ते सगळे भावंडं. हे मी ठरवलेलं नाही, तुझ्या आज्याच्या आज्यापासून चालत आलंय. अर्ध्या गावावर मी पाणी ओतलंय, म्हणजे अर्ध्या गावाची ती बहीण. आता घेऊन जा तिला चौकात, उभी कर पिंपांमध्ये. आणि बिशपाला सांग, ‘ही माझी बहीण, हिला उन्हात पिळून आम्ही पाणी काढतो.’

फेर्मिन : ती पलीकडची काळी बाई... माझी बहीण? लोक काय म्हणतील?

एर्सिलिया : तू काय पिठाचा आहेस? आरशात बघ कधी. आणि आता गंमत ऐक. पाणी डोक्यावर पडलं तशी तिनं डोळे उघडले आणि चक्क हसली. गळ्यातला दोरा ओढून दाखवला मला. क्रूस! तान्हेपणीच बाप्तिस्मा झालाय तिचा, तिकडं, तिच्या गावच्या देवळात. तुझ्या सिद्धान्ताचं काय करायचं बोल. त्यालाही फीत बांधून विकतोस?

फेर्मिन : पण... मग सावली...

एर्सिलिया : नाव काय तिचं?

फेर्मिन : आम्ही सगळे ‘सावलीबाई’ म्हणतो.

एर्सिलिया : फिलोमेन. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मला विचारल्याबरोबर सांगितलं. आता आणखी एक सांग, तुम्ही तिला प्यायला काय देत होता?

फेर्मिन : प्यायला? तिला?... अहो, ती तर स्वतःच झरा...

एर्सिलिया : एक पेला नाही! सगळ्या गावानं तिच्यातून घागरी भरल्या आणि एकानंही तिच्या तोंडाला पेला लावला नाही. माझं ते खारं पाणी घटाघट प्याली रे, मडकं संपवलं. मग उकडलेली केळी खाल्ली आणि झोपली. मघाशी उठून परसात गेली, तर मी मुद्दाम बघितलं. भिंतीवर सावली, तुझीमाझी पडते तशीच.

फेर्मिन : खोटं! तुम्ही तिला लपवायला काहीही सांगाल.

एर्सिलिया : फिलोमेन! ये गं बाहेर. तुझ्या भावाला तुझी सावली बघायचीय.

(फिलोमेन अंगणात उतरते. तिची सावली मातीवर पडते. फेर्मिन गुडघे टेकून ती माती चाचपतो, चिमटीत घेतो. माती भुरभुर उडते.)

फेर्मिन : कोरडी... माय, कोरडी आहे हो! उद्या बिशप येणार. मी त्यांना दाखवू काय?

एर्सिलिया : मोकळी पिंपं दाखव. विहिरीचं एक भांडं भरून पाज त्यांना. तोंड वाकडं झालं की गावासाठी नळ माग. माणसाकडे नळ मागायला तुमची जीभ रेटत नाही आणि बाईच्या अंगातून पाणी काढताना हात कापत नाहीत. ऊठ आता, माती झटक.

फेर्मिन : लोकांना काय सांगू? चौकात सगळे उभे आहेत...

एर्सिलिया : सांग, घरी जा. नाहीतर उभं राहू दे त्यांना टोप्या घालून, कुणाची पाझरते का बघू. तू का रडतोस?

फेर्मिन : घाम आहे. डोकं गरगरतंय माझं.

फिलोमेन : भाऊ. उन्हात का उभा? आत ये.