रिकामी बरणी

(प्लेवेन शहरातला फ्लॅट, दुपार. सून इस्क्रा मांडीवरच्या ल्युबेनला भरवतेय. समोर सासू गिंका.)

गिंका : थुंकला बघ परत! काय घातलंयस त्यात?

इस्क्रा : भोपळा आहे, आई. स्वतः उकडून, गाळून केलाय.

गिंका : त्याच्या कपाळावर आहे, पडद्यावर आहे, माझ्या चपलेत आहे. पोटात तेवढा नाही.

इस्क्रा : डॉक्टरबाई म्हणाल्या, नवीन चवीला वेळ लागतो.

गिंका : तुझ्याकडे लागतो! माझ्याकडे बघ. पालिकेच्या बाळ-स्वयंपाकघरातून बरणी भरून आणतो आम्ही, बागेत भरवते मी, अन् बरणी रोज चाटूनपुसून परत येते.

इस्क्रा : तेच कळत नाही. माझ्याच लेकाला माझ्या हातचं नको?

गिंका : हाताला गुण असावा लागतो. तुझ्या नवऱ्याला याच हाताने वाढवलंय.

इस्क्रा : हो, अजून वाढतोच आहे तो.

गिंका : हस. एक तारखेला तू कामावर जाणार. पोराला मी गावी नेते. वसंतात ये, गुबगुबीत करून देते.

इस्क्रा : अख्खा हिवाळा? मला ओळखणार नाही तो, आई!

गिंका : ओळखेल की. फोटो लावते तुझा भिंतीवर.

इस्क्रा : इथे माझा जीव जातोय, आणि तुम्हाला फोटो सुचतोय.

गिंका : मग खाऊ घालून दाखव. आज सर्दी झाली म्हणून घरात ठेवलाय, नाहीतर एव्हाना जेवून झाला असता. थांब, मेतोदी बरणी घेऊन येईलच. मग बघ कसा खातो.

मेतोदी : (गिंकाचा नवरा, दारातून आत येत) आलो गं. ही घ्या बरणी.

इस्क्रा : बाबा, रिकामी आहे.

मेतोदी : मग? रोज रिकामीच आणतो.

इस्क्रा : रोज ल्युबेन तुमच्याबरोबर असतो. आज तो इथे बसलाय.

मेतोदी : अरेच्चा.

गिंका : सांडली असेल वाटेत.

इस्क्रा : मिशीवर सांडलीय, आई. गाजर दिसतंय.

गिंका : मेतोदी! नातवाच्या तोंडचा घास खातोस?

मेतोदी : त्याच्या तोंडात राहतोय कुठे? दोन चमचे घेतो, तिसरा माझ्या कोटावर. बाकीचं काय कबुतरांना घालू?

इस्क्रा : पण बागेत तर आई भरवतात ना?

मेतोदी : ही? त्या वेळी हिची मालिका असते. खालच्या मजल्यावर बसते, त्या शेजारणीकडे, स्तोयांकाकडे.

गिंका : तुला कोणी विचारलं?

इस्क्रा : मी विचारलं. हाताचा गुण चांगलाय हं, आई. टीव्हीच्या रिमोटपुरता.

गिंका : आणि तुला रे, घरात उपाशी ठेवते का मी?

मेतोदी : नवी कवळी टोचते. सांगितलं तुला. सवय होईल म्हणालीस, आणि वाळवलेली सॉसेज पुढ्यात ठेवलीस. त्या बरणीतलं मऊ असतं. कोमट असतं.

गिंका : नीट सांगायचं होतंस!

मेतोदी : कधी? मालिकेच्या आधी की नंतर?

इस्क्रा : ल्युबेन गावी जाणार नाही, आई.

गिंका : नको जाऊ दे. पण हिवाळाभर तिथे आम्ही दोघांनी करायचं काय? एकमेकांची तोंडं बघत बसायचं?

इस्क्रा : बघायचीच. म्हणजे कवळी दिसेल. बाबा, बसा. भोपळा उरलाय बराच.

मेतोदी : वाढ. जरा मीठ घाल, पोरी. पालिकेवाले घालत नाहीत.