कमरेत दीड इंच

नाही घेणार! दीड इंच सोडाच, दोऱ्याएवढंही आत नाही घेणार – आणि आवाज चढवू नका बाई, दुकान माझं, मशीन माझं, कात्रीही माझीच. पोरीची कंबर एकोणतीस आणि शाळेचा स्कर्ट हवा साडेसत्तावीसचा – का? तर म्हणे, काचला की कमी खाईल. वा! कुणी शिकवलं हो हे? कुणी नाही? तुमचं तुम्हालाच सुचलं? मलाही माझं मलाच सुचलं होतं. बसा. उभ्याने भांडू नका, माझी मान दुखते वर बघून.

आणि तिला हलवू नका. दिसतंय मला, झोपली आहे – अस्तराच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून. झोपू दे. लाज कसली त्यात? लाळ गळली तर अस्तर धुता येतं. किती वाजता उठवता तिला? पाचला. आणि झोप लागते कधी – साडेबाराला? मोबाईल, हो हो, मोबाईल तर आहेच, येईल ती आई मला मोबाईलचंच गाऱ्हाणं सांगते, जशी काही मीच विकते ते! माझ्या लेकीच्या वेळी कुठे होता मोबाईल? नऊच्या ठोक्याला झोपणारी पोर, चौदाची झाली आणि बारा वाजले तरी डोळा लागेना. दिवा मालवला तरी छताकडे टक लावून पडलेली. सकाळी मात्र कानाशी ढोल बडवला तरी उठायची नाही. मी तोंडावर पाणी मारायचे. आळशी म्हणायचे, म्हैस म्हणायचे – काय बघता, म्हैसच म्हणायचे, पोटच्या पोरीला. त्यातून त्या वर्षी तिची शाळा दुपारची सकाळची झाली, आणि वर्षाच्या आत कंबर दोन इंच वाढली.

ही वही बघा. चौथीत सुटली माझी शाळा, पण आकड्यांशी माझं कधी वाकडं नाही. बत्तीस वर्षांची मापं आहेत हिच्यात. ही समोरची शाळा – मुली त्याच गल्लीतल्या, घरं तीच, काही तुकड्या सकाळच्या, काही दुपारच्या. दहाव्या वर्षापर्यंत मापं जुळ्या बहिणींसारखी. तेरा-चौदाला सकाळवाल्यांची कंबर पुढे पळते. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणींची. डॉक्टर काय म्हणतात ठाऊक नाही, मला कोण विचारतंय, मी नुसती टेप धरणारी. पण अर्धवट झोपेचं पोर दिवसभर काहीबाही तोंडात टाकत राहतं, हे मी माझ्या घरात पाहिलंय. आणि तसंही हे वय भरायचंच असतं – म्हणून तर मी प्रत्येक शिवणीत दोन बोटं जादा कापड ठेवते. वाढली, उसवलं, संपलं! एवढं सोपं होतं. पण हे मला कळलं कधी? सगळं होऊन गेल्यावर.

तोवर मी काय केलं – तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक – दर रविवारी ती अंघोळीला गेली की तिचा स्कर्ट घ्यायचे, पट्टा उसवायचे, शिवण पाव इंच आत घ्यायचे, पट्टा परत लावायचे. न सांगता. माझा हातच असा, कुणाच्या बापाला कळलं नसतं. सोमवारी ती हूक लावायला झगडायची आणि मी चहाचा कप धरून म्हणायचे, बघ, अजून वाढलीस. चार महिने, बाई! आधी तिने रात्रीचं जेवण सोडलं, मग डबा. मग आपणहून पहाटे उठून जिना चढायला-उतरायला लागली, आणि मला, मला अभिमान वाटला हो! शेजारणीला सांगून आले, पोर सुधारली म्हणून. तिची कंबर तीन इंच उतरली होती. स्कर्ट चार इंच उतरला होता.

एका सोमवारी ती शाळेत रांगेत उभी असताना कोसळली. घरी आणली. संध्याकाळी तिने तो स्कर्ट उलटा केला – शिवणारणीची पोर ती – आणि शिवणीवरून बोट फिरवत बसली. टाके काढले तरी कापडात भोकं राहतात. एक ओळ, तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी – सोळा ओळी मोजल्या तिने. रडली नाही. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे आई, मी वाढत नव्हते?"

आणि मी? मशीनला तेल घालत बसले.

आता बेचाळीसची आहे. येते वर्षातून एकदा, फळं आणते, माझी औषधं बघते. पण दारातून आत येताना पोट आत ओढून घेते – अजून! तो श्वास ती गेल्यावर जिन्यात सोडते, मला ऐकू येतो. त्या दिवसानंतर तिने मला माप दिलेलं नाही.

पुसा डोळे, माझ्यासमोर नको ते. हात मागे घ्या – म्हटलं ना, हलवू नका तिला! जा, बाहेर बाकावर बसा. ती उठेल तेव्हा उठेल, आणि स्कर्ट केवढा सैल हवा ते मी तिलाच विचारीन.