सोमवारपासून गुन्हा

व्हर्ना : दारावरची पाटी वाचलीस ना? दुकान बंद आहे. आणि तुला तर इथं पाय ठेवायचं काही कारणच नाही, इमोजीन.

इमोजीन : भांडायला नाही आले, मिस व्हर्ना.

व्हर्ना : मग काय बघायला आलीस? क्रॅटमच्या बरण्या रिकाम्या करताना मी कशी दिसते ते? बघ पोटभर. अकरा वर्षं हा दुखण्यावर चहात उकळायचा पाला विकला मी. पोतं आलं की आधी प्रयोगशाळेत तपासणी, पुडीपुडीवर चिठ्ठी, एकवीस वर्षांच्या आतला कोणी आला की दारातूनच परत. आणि नव्या कायद्यानं सोमवारपासून हीच पुडी माझ्याकडे सापडली तर मी गुन्हेगार! नदीवरचा पूल ओलांडला, की पलीकडच्या राज्यात तीच पुडी राजरोस मांडलेली.

इमोजीन : माझा भाऊ गेलाय.

व्हर्ना : ठाऊक आहे गं. लायलला पुरलं तेव्हा मी मागच्या रांगेत होते. पण तो माझ्या पाल्यानं गेला का? पेट्रोल पंपावरच्या दुकानातल्या गोळ्या खायचा तो. याच पाल्याचा अर्क कारखान्यात कडक करून भरलेल्या. राजधानीत विधानसभेच्या समितीपुढे मीही आले होते. सहा तास ताटकळले, बोलायला मिळाली दोन मिनिटं. म्हटलं, परवाना लावा, तपासणी लावा, त्या गोळ्या उचला, पण साध्या पाल्याला नियम घाला, फास नको. माझ्यामागून तू उठलीस. लायलचा फोटो वर धरून म्हणालीस, क्रॅटमनं मारलं. गोळ्यांचं नावसुद्धा काढलं नाहीस! त्यानंतर माझं कोण ऐकणार होतं?

इमोजीन : कागदावर होतं ते.

व्हर्ना : काय होतं?

इमोजीन : गोळ्यांचं. कुठल्या पंपावरच्या, डबी कशी, दिवसाला किती घ्यायचा, सगळं लिहिलं होतं मी. आमदारांच्या माणसानं बाहेर बाकावर बसवून त्यावर काट मारली. म्हणाला, एवढ्या बारकाव्यात गेलात तर समिती गोंधळेल, बाई, एकच शब्द बोला. लायलला जाऊन नऊ दिवस झाले होते. हातात दिलं ते वाचलं मी.

व्हर्ना : काट मारली? भाऊ मेला तुझा, आणि काय बोलायचं ते त्यानं ठरवलं? लाज नाही वाटली मेल्याला! इकडे आमचं जुनं गिऱ्हाईक ऑर्व्हिल, खाणीत पाठ मोडून घेतलेला. डॉक्टरनं दिलेल्या, सवय लावणाऱ्या गोळ्या याच पाल्याच्या चहावर सुटल्या म्हणतो. काल इथंच उभा राहून विचारत होता, आता मी काय करू? काय सांगू त्याला? समितीला गोंधळ नको होता म्हणून?

इमोजीन : आत्ता त्या पंपावरूनच आलेय मी. म्हटलं, त्या गोळ्या हटवल्या असतील, रिकामी फळी एकदा डोळ्यांनी बघावी. हे घ्या.

व्हर्ना : हे काय?

इमोजीन : त्याच फळीवर होतं. डबी नवी, नाव नवं. तो विकणारा म्हणाला, हे कायद्याच्या यादीत नाही. हसत होता.

व्हर्ना : आणि कुलूप माझ्या दाराला!

(व्हर्ना डबी बरण्यांशेजारी ठेवते.)

व्हर्ना : लायल माझ्याकडे आला होता, इमोजीन. जानेवारीत. याहून कडक काही आहे का विचारत. मी झापलं आणि हाकलून दिलं.

इमोजीन : सांगितलं होतं त्यानं. म्हणाला, म्हातारी फार बडबड करते.

व्हर्ना : हाकलायला नको होतं. बसवून घ्यायला हवं होतं.

इमोजीन : मला समितीपुढे परत जायचंय. या वेळी कागदाला कोणाला हात लावू देणार नाही. पण या डबीत काय आहे ते मला कळत नाही. तुम्हाला कळेल.

व्हर्ना : मी तुझ्या शेजारी उभी राहिले, तर म्हणतील, विकणारीलाच घेऊन आली.

इमोजीन : म्हणू देत.

व्हर्ना : ते खोकं सरकव आणि बस तिथं. डबीवरचं मोठ्यानं वाच. बारीक अक्षरातलं आधी. या बांधाबांधीत माझा चष्मा कुठं गेला कोण जाणे.